आप्पांची असली पिवडी

डब्याच्या काठावर वाळलेल्या रंगाचे थर साचत जातात, तसे आमच्या शिरूरच्या दुकानात किस्से साचले. पुढं फ्लेक्स आला, गिऱ्हाईक गेलं. आता ऐकायला कोणी नाही, म्हणून लिहून काढतो.

आप्पा पेंटर मयत माणसांचे फोटो मोठे करून ऑइलमध्ये रंगवायचे. मी नववी सोडून त्यांच्याकडं लागलो. त्यांच्या पेटीत गुरूंनी दिलेला पिवडीचा खडा होता. भिंतीला लावतात ती पिवडी नव्हे, जुन्या काळातली, असली! गायीला आंब्याची पानं चारून तिच्या मुतापासून करायचे म्हणे. फडक्यात बांधली तरी वास यायचा. आप्पा ती एकाच कामाला वापरायचे. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या कपाळावरची हळद त्या पिवडीची. बाकी सगळ्याला ट्यूबमधला क्रोम यलो.

* * *

केंदूरचे एक धनगर मामा ही हकिकत ऐकून गेले आणि पुढच्या बाजारी प्लॅस्टिकची बाटली भरून घेऊन आले.

“आमच्या कपिलेचं हाय, ताजं! आंबा न्हाई आमच्यात, शेवग्याचा पाला घातला. चालंल न्हवं?”

आप्पांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली.

“चालंल की मामा. रंग जरा हिरवट यील, येवढंच!”

* * *

सदा आमच्याकडं बोर्ड रंगवायचा. एकदा क्रोम यलो संपला म्हणून त्यानं त्या खड्याचा तुकडा घोटला आणि एका ट्रकच्या मागं “हॉर्न ओके प्लीज” काढलं!

आप्पा चिडले नाहीत. पण तो ट्रक दौंडला जाताना दुकानासमोरून गेला, की ते उठून त्याला हात जोडायचे. दरवेळी!

शेवटी सदा रडकुंडीला आला. “आप्पा, शिव्या द्या, थोबाडीत मारा, पर हे बंद करा!”

* * *

बाईचा फोटो आला की विचारावं लागायचं, “मालक हयात आहेत का?” आप्पा स्वतः कधी विचारायचे नाहीत. ते काम माझ्याकडं, आणि माझी जीभ तर आधीच जड.

एकदा खाली मान घालूनच एका पाहुण्याला विचारलं.

“मीच मालक! भूत दिसतोय व्हय मी?”

सदा हसून हसून खाली बसला. पाहुणाही हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मी पाण्याचा तांब्या धरून उभा.

* * *

सदा फ्लेक्सच्या मशीनवर दौंडला गेला. जाताना त्यानं विचारलं, “आप्पा, एवढासा खडा उरलाय. कुणासाठी ठेवलाय?”

“जिला कधी लागू न्हाई, तिच्यासाठी.”

आप्पांची बायको कित्येक वर्षं मांडवगणला माहेरी होती. भांडण कशाचं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

सदा गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. एकदा चहा पिता पिता आप्पा आपणहून म्हणाले, “ती मला जिता धरती का मेला, येवढं कळाया पायजे.”

मी कप विसळायला घेतले.

* * *

मग एका दुपारी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. एका बाईचा फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. “मोठा करायचाय. बहीण हुती माझी.”

मी ओळखत नव्हतो. नेहमीसारखं विचारलं, “त्यांचे मालक हयात आहेत का?”

ते माझ्या मागं, आप्पांच्या पाठीकडं बघत राहिले. आप्पांचा ब्रश थांबला होता, पण मान वळली नाही. तेही उत्तराचीच वाट बघत होते.

“हायेत,” गृहस्थ म्हणाले. “ती तर समद्यांना तसंच सांगायची.”

आप्पांनी पेटी पुढं ओढली आणि पिवडीचं फडकं सोडलं.

“दत्ता, दार लोटून घे. वाऱ्यानं पूड उडती.”

बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.