डबक्याएवढा समुद्र

नचिकेत आणि मी मिळून फिल्म करायचो. परवा तो ट्रायपॉड आणि लांब पल्ल्याची लेन्स उचलून दुसऱ्यांकडे गेला. जाताना म्हणाला, "उरलेल्या लेन्सवर समुद्र डबक्याएवढा दिसेल, बघ." त्याचे दात घशात घालायचेच, म्हणून मी ऐन पौषात कोकणातल्या या काळ्या कातळांवर आले.

वारा झोंबत होता. कापडी पिशवीत वाळू भरून तिच्यावर कॅमेरा टेकवला, तर लाटा खरंच केविलवाण्या दिसल्या. मला नुसता संताप आला.

तेवढ्यात ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकावर एक म्हातारी येऊन बसली आणि खडकाला चिकटलेली कालवं कोयतीनं फोडू लागली. कोयतीचे ते जोरदार घाव बघून मी विचारलं, "मावशी, एवढा राग कुणावर?"

"ह्याच्यावर," तिनं समुद्राकडे हनुवटी उडवली. "आमची होडी नेलीन, होडीसकट घरधनी नेलान. म्हणून ओहोटी लागली की येते. ह्याच्या घरात शिरून ह्याचंच खाते."

सूड एकदाच आणि दणक्यात घ्यायचा असतो, असं मला वाटायचं. इथे तो रोज थोडाथोडा टोपलीत पडत होता आणि घरी जाऊन कालवणात शिजत होता.

पिशवी उचलून मी तिच्या अगदी जवळ सरकले. चौकटभर तिचा हात, कोयती, उडणाऱ्या शिंपल्या. आणि मागे, तिच्या कोपराखाली, समुद्र.

तिला दाखवलं. तिनं पडद्यावरच्या इवल्याशा समुद्रावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "एवढाच ठेव हां त्याला."