लांडगा मागं मागं चालला

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर माफ करा. आठवीनंतर शाळा सुटली, शब्दही मला साधेच येतात. पण मळणीत धान चुरल्यावर तणसीचा ढीग वाढतो, तसे आमच्या गावात सीरियलचे किस्से वाढत चालले आहेत. जो तो आपली एक पेंढी टाकून जातो. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, म्हणून माझी पेंढी लिहून टाकतो.

उन्हाळ्यात धानाच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात टीव्हीवाले आले. सीरियल होती लांडग्यांनी वाढवलेल्या तरुणाची! डायरेक्टर साहेबांनी ग्रामपंचायतीसमोर स्टोरी सांगितली. जंगलखात्यात चौकीदारी केलेले बुधराम आजा मात्र हिरोचे गुळगुळीत गाल बघत होते.

"साहेब, लांडगीनं दूध पाजलं, मानलं. पण याची दाढी कोण करून राहिलं?"

दुसऱ्या दिवसापासून हिरोला दाढी चिकटवायला लागले.

*

लांडगे म्हणून व्हॅनमधून कुत्रे आणले होते. अंगाला करडा रंग, खायला बिस्किटं. कॅमेरा सुरू झाला आणि आमच्या गल्लीतला काल्या भुंकत आला. सगळे लांडगे परत व्हॅनमध्ये! काल्या दारातच बसला.

"अरे, ये किसका कुत्ता है?" डायरेक्टर ओरडले.

"कोणाचाच नाही," आजा म्हणाले. "घेऊन घ्या त्याले, वाघाचं काम द्या."

*

हिरो डाएटवर होता. दिवसभर काकडी आणि उकडलेली अंडी. माझ्या मायला ते बघवेना.

"काऊन रे बाबू, घरी कोणी जेवू घालत नाही का तुले?"

मग रोज दुपारी हिरो आमच्या ओट्यावर लाखोळीची डाळ आणि भात खायला लागला. काही दिवसांनी लांडग्यांच्या पोराला पोट सुटलं!

डायरेक्टरांनी डोक्याला हात लावला. "जंगल में इसको कौन खिला रहा है?"

मायने पदर तोंडाला लावला.

मग पाठीमागून घ्यायच्या सीनसाठी बारीक पोरगा शोधू लागले. डायरेक्टरांनी माझा शर्ट काढायला लावला, गर्रकन फिरवलं आणि म्हणाले, "पीठ चलेगी."

माय गावभर सांगत सुटली, "माहा पोरगा टीव्हीत दिसन." चेहरा दिसणार नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. एकदा तरी कॅमेरा माझ्या तोंडाकडे वळावा, असं मला फार वाटत होतं.

*

पहिला सीन सोपा होता. वाकायचं, हात जमिनीला टेकवायचे आणि लांडग्यासारखं जंगलात शिरायचं. "ॲक्शन" ऐकलं, मी वाकलो आणि सरसर मागं मागं चालायला लागलो. लहानपणापासून मायसोबत धानाचा रोवणा करत आलो, वाकून चिखलात परे म्हणजे रोपं लावत. कंबर वाकली की आमचे पाय मागंच जातात!

"अरे, जंगल आगे है!"

बघायला आलेल्या बाया हसून हसून खाली बसल्या. "साहेब, त्याले परे द्या हातात," एकजण म्हणाली, "संध्याकाळपर्यंत जंगल रोवून टाकन."

*

शेवटचा सीन मोठा होता. लांडग्यांचा पोरगा आपल्या गावात परत येतो, लोक काठ्या घेऊन उभे राहतात, आणि तो आयुष्यातला पहिला शब्द बोलतो. काठीवाल्यांत आमचंच गाव होतं, मायसुद्धा. सगळ्यांना चूप राहायला सांगितलं होतं. मला टीव्हीवाले म्हणाले, "पाठ कॅमेऱ्याकडे ठेव, काहीही ओरड. आवाज नंतर हिरोचा टाकू."

समोर एवढी माणसं. कशीबशी हाक निघाली, "माय!"

मायने काठी टाकून दिली. "आली रे बाबू, आली."

मला वाटलं, शिव्या बसतात आता. पण डायरेक्टर बराच वेळ "कट" म्हणालेच नाहीत.

*

पावसाळ्यात एका संध्याकाळी तो भाग लागला. ग्रामपंचायतीत टीव्हीसमोर सगळं गाव. मी मायला खेटून बसलो होतो. माझी पाठ आली, काठ्या आल्या. मग कॅमेरा वळला. मी सरसावून बसलो.

चेहरा हिरोचा होता. चिकटवलेल्या दाढीसकट.

मी मान खाली घातली. तेवढ्यात टीव्हीतून हाक आली, "माय!" आवाज माझाच ठेवला होता.

माझ्या शेजारी बसलेली माय ताडकन उठली. "आली रे बाबू, आली."

आणि तिच्या मागोमाग टीव्हीतूनही तिचाच आवाज आला, "आली रे बाबू, आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या धानाच्या बांधीत रोवणा होता. मी परे घेतले, मायच्या बाजूला वाकलो आणि मागं मागं सरकत गेलो.