पैसा पालिकेचा, तोरा साडूचा

सदर इसम नगरपालिकेच्या सामुदायिक सभागृहाचा रखवालदार असून उंची बेताची, वर्तन चांगले, व्यसन नाही. त्याच्या ताब्यातील सभागृह सर्व नागरिकांस सदैव खुले असते.

खुले म्हणजे, खांदा दिल्यावर. दार फुगलेलं. किल्ली फिरवायची, दोन पावलं मागे यायचं आणि उजव्या खांद्याने धडक मारायची, ही सदर इसमाची रोजची कार्यपद्धती. व्यसनाचं म्हणाल, तर साडूवर जळण्याचं होतं, पण ते अलीकडचं.

धाकटा साडू चर्चची देखभाल पाहायचा. चर्चचं सभागृह म्हणजे तेव्हा पत्र्याची शेड. कार्यक्रम असला की साडू दारात हजर. "दादा, थोड्या खुर्च्या द्याल का?" दादा द्यायचे, मोडक्या आधी. ते दिवस सुखाचे होते.

मग पालिकेने ठरवलं, आपल्या जुन्या सभागृहाला ठिगळं लावण्यापेक्षा चर्चच्या जागेवर नवं बांधू. जागा चर्चची, निधी पालिकेचा. रविवारी वापर चर्चचा, एरवी सगळ्यांचा.

"पैसा पालिकेचा, भिंती चर्चच्या आणि तोरा साडूचा!" रखवालदार घरी येऊन कडाडला.

"कसला तोरा? बिचारा फरशी पुसतो," बायको म्हणाली. बिचारा तिच्या बहिणीचा नवरा होता.

"पुसेल नाहीतर काय! पुसल्यावर चमकते ना त्याची."

अशात मुलीचं लग्न ठरलं. याने जाहीर केलं, "माझ्या मुलीचं लग्न माझ्याच सभागृहात."

"अहो, मुलाची आजी चाकांच्या खुर्चीत असते. तुमच्या पायऱ्या कशी चढणार? तिकडे उतार केलाय."

"उचलून नेईन."

"आधी स्वतःची कंबर उचला."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आजी बाहेर बसणार असतील, तर मीही बाहेरच बसेन."

तेव्हा कुठे तो नवं सभागृह बघायला, म्हणजे खोट काढायला, निघाला. बायको सोबत होतीच. साडूने मोठ्या मानाने किल्ली त्याच्या हातात दिली. "दादा, तुम्हीच उघडा."

दादांनी किल्ली फिरवली, दोन पावलं मागे आले आणि धडक मारली. दार नवं, बिजागऱ्यांना तेल ताजं. दादा दारासकट आत गेले आणि दार थांबलं तरी पुढे जात राहिले.

"दादा! लागलं का हो?"

"फरशी निसरडी आहे," दादांनी आडव्यानेच अभिप्राय नोंदवला.

मग ते तसेच छताकडे बघत राहिले. ओल नव्हती. साधा डागसुद्धा नव्हता. खरं लागलं ते तिथे.

"झाली तपासणी?" बायकोने विचारलं. "मग इथलीच तारीख घ्या."

लग्नाच्या दिवशी आजीची खुर्ची उतारावरून त्यानेच ढकलत नेली. चेहरा मात्र पायऱ्या चढत असल्यासारखा. पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले. साडू घाम पुसत जवळ आला.

"दादा, खुर्च्या कमी पडल्या हो. तुमच्याकडच्या थोड्या..."

आठवडाभरात पहिल्यांदाच वधूपित्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. "थोड्या कशाला? सगळ्या आणतो! आणि चांगल्यातल्या!" तो स्वतः टेम्पो घेऊन गेला. पाठीवर पालिकेचं नाव रंगवलेल्या खुर्च्या त्याने पुढच्याच रांगांत मांडल्या, आणि मागच्या प्रत्येकाला ते नाव वाचता येतंय ना, हे मागे जाऊन पाहून आला.

सर्व नागरिकांस सदैव खुले असलेले सभागृह त्या दिवशी बंद होते. आत फक्त मोडक्या खुर्च्या होत्या.