बोंबलांचा डीएनए

आता ऐकाच, म्हणजे 'जास्त शिकलेल्या मुली हुशार असतात' हा तुमचा गैरसमज एकदाचा जाईल!

मी जन्माची शाकाहारी, माहेर सांगलीचं. लग्न करून आले ती थेट बेलापूरच्या खाडीकाठच्या कोळी घरात. पहिला महिनाभर नाकाला पदर लावूनच वावरले! बायोकेमिस्ट्री शिकलेली, पण नोकरी नाही. तेवढ्यात जवळच्या एका कॉलेजने डेमो लेक्चरला बोलावलं. जागा एकच! आणि विषय नेमका माझ्या लाडक्या शास्त्रज्ञाचा.

हा एक बायोकेमिस्ट. त्याने वेगवेगळ्या जिवांचा डीएनए फोडून आतले चार घटक मोजले. निघालं काय? ए जितका, टी तितकाच. जी जितका, सी तितकाच. याच मापाच्या आधाराने पुढे दुसऱ्यांनी ए-टी, जी-सी अशा जोड्यांच्या पायऱ्या लावून डीएनएची शिडी जुळवली आणि नाव कमावलं. मला त्याचा भारी कळवळा. शिकवायचं तर त्याला शोभेल असं!

गच्चीवर गेले, तर सासूबाई दोरीवर बोंबील वाळत घालत होत्या. जबड्यात जबडा अडकवून, जोडी-जोडीने. मी बघतच राहिले. अहो, ही तर शिडीची पायरी!

"आई, थोडे सुके देता? कॉलेजात न्यायचेत."

"कालेजान? कनाला गो?"

"शिकवायला."

"मंग मोठं बगून ने. बारीक नेलंस तं आपली लाज जायल."

शेपट्यांना रंगीत लोकर बांधली. ए लाल, टी पिवळा, जी हिरवा, सी निळा. दोन दोऱ्यांच्या मध्ये जोड्या ताणून बसवल्या. काय देखणा डीएनए! पिशवीत भरला आणि निघाले. रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता. मला वाटलं, साडी छान दिसतेय.

कॉलेजात एसी खोली, खिडक्या बंद, समोर तीन परीक्षक. मी शिडी उलगडली मात्र, त्यातल्या मॅडम नाकाला पदर लावून बाहेर! मुख्य सर घाईघाईने उठले.

"आपण गच्चीत घेऊ या का?"

मी खूश. मॉडेलला मोकळी जागा हवी, हे कळणारी माणसं भेटली!

गच्चीत मी अशी काही रंगले की विचारू नका. "बघा, जितके ए, तितकेच टी..." आणि कावळा! लाल लोकरीसकट एक बोंबील उचलून पसार.

"मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "एक ए कमी झाला. आता नियमाचं काय?"

"नियम बरोबर आहे सर, चोरी झालीय!" असं ओरडत मी कावळ्यामागे धावले. नव्या साडीत! कठड्यापर्यंत!

धापा टाकत परत आले. पिवळा टी बिचारा एकटाच लोंबत होता.

"हेच... हेच त्याने दाखवलं, सर. प्रमाण बिघडलं की लगेच समजायचं, कुठेतरी गडबड आहे."

सर हसायलाच लागले. "विषय येतो तुम्हाला. जागा तुमची. पण मॅडम, निदान वासाचा तरी विचार करायचा!"

मी शिडी नाकाशी धरली. अगदी मनापासून हुंगली.

"कसला वास, सर?"