मारका चेंडू आणि डुलणारी फळी

सीताबर्डीच्या वैद्यकीय सामानाच्या दुकानात मी मोठ्या निळ्या चेंडूवर बसलो आणि दुसऱ्या क्षणी चेंडू माझ्याखाली नव्हता. मी वॉकरच्या रांगेवर होतो, रांग फरशीवर होती आणि चेंडू दाराशी जाऊन, आपला काही संबंध नाही अशा थाटात थांबला होता. विक्रेत्या प्रीतीताईंनी मला उठवलं, पाणी दिलं आणि हे चेंडू मुलांच्या थेरपीसाठी असतात असं फार सभ्यपणे सांगितलं. वामनराव मात्र माझ्याकडे बघतही नव्हते. ते चेंडूभोवती फेरी मारत होते.

वामनराव आमचे शेजारी. नोकरी एसटीत झाली, पण बालपण रामटेककडच्या खेड्यात, वडिलांच्या मागे बैलबाजार हिंडण्यात गेलं. त्यामुळे कुठलीही वस्तू ते बैलासारखी घेतात. भोवती फिरायचं, थाप मारायची, चालवून बघायची आणि न घेता घरी यायचं. कूलर बघायला निघाले तेव्हा उन्हाळा होता. घरी आणला तेव्हा लोक स्वेटर शोधत होते.

या वेळी मात्र रिकाम्या हातानं परतायची सोय नव्हती. त्यांची नात खुशी. हातपाय धडधाकट, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, असं वामनराव सांगतात. चालता चालता तोल जातो, वळताना हमखास. गेल्या तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं आपापले चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत निघाली, तेव्हा ही ऐन घोळक्यात पडली. बैलाचं शिंग मोडलं आणि कुणीतरी हसलं. तेव्हापासून तिनं जाहीर केलं होतं की यंदा आपण जाणार नाही. शिंग वामनरावांनी केव्हाच चिकटवलं होतं. बैल तयार होता, पोरगी नव्हती, आणि पोळा जवळ येत होता.

तिला थेरपी देणाऱ्या रोशनी मॅडम म्हणाल्या होत्या, घरच्या सरावाला चेंडू घ्या नाहीतर तोल सांभाळायची फळी घ्या, दोन्ही चालतील. ‘दोन्ही चालतील’ हे वाक्य वामनरावांसमोर कुणी उच्चारू नये. त्यात मी मोबाइलवर वाचून गेलो होतो. फळीतही एक नुसती डावीउजवीकडे डुलते, दुसरी चहूकडे डुलते, ही माहिती मी पुरवली आणि त्यांची उरलीसुरली झोप घालवली.

प्रीतीताईंनी विचारलं, मुलीला नेमकी भीती कशाची वाटते?

“मलेच भेव लागून राहिलं,” वामनराव म्हणाले, “तिचं मी काय सांगू?”

शेवटी निकाल माझ्या आपटलेल्या कमरेनं लावला. त्यांनी चेंडूला एक थाप मारली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “मारका हाय. नाही पाहिजे.”

डावीउजवीकडे डुलणारी फळी घेतली. मेट्रोत बसल्यावर मात्र त्यांना शंका आली, की चेंडू गरीबच असेल आणि दोष बसणाऱ्याचा असेल.

घरी खुशी फळीवर पाय ठेवीना. समजावलं, चॉकलेट दाखवलं, काही नाही. तेव्हा वामनराव स्वतः खिडकीचा गज धरून चढले. फळी डावीकडे गेली, वामनराव उजवीकडे, चष्मा तिसरीकडे. खुशी लगबगीनं आली.

“आबाजी, माझा हात धर. पडशील.”

त्या दिवसापासून खुशी आबाजींना तोल सांभाळायला शिकवू लागली. आधी ते चढणार, ती हात देणार. मग कसं उभं राहायचं हे दाखवायला ती चढणार, ते हात देणार. हे चालतं का, म्हणून त्यांनी मॅडमना घाबरत विचारलं. खाली गादी टाका आणि चालू ठेवा, असं त्या म्हणाल्या. पण फरक पडतोय का? एक दिवस वामनराव म्हणत, पडला. दुसऱ्या दिवशी म्हणत, नवे बूट घेतले त्यानं असेल. मग त्यांना वाटू लागलं की चेंडू घेतला असता तर एव्हाना पोरगी पळाली असती.

तान्ह्या पोळ्याला खुशी दारात आली. एका हातात बैलाची दोरी, दुसऱ्यात आबाजींचं बोट. सोडलं तर आबाजी पडतील म्हणून. वळणावर बैल कलंडला. सरळ करायला तिनं बोट सोडलं, बैल उभा केला आणि बोट धरायचं विसरून पोरांच्या मागे निघाली. डुलत, पण निघाली. वामनरावांचा हात तसाच पुढे राहिला.

चौकाला वळसा घालून पोरं परत फिरली, तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून विचारत होतो, “वामनराव, शेवटी गुण कशाचा आला? फळीचा, की तुमच्या बोटाचा?”

“मले काय मालूम गा, तू रस्त्यातून सरक, पोरगी येऊन राहिली.”