जरा कमी ठेवलेला आवाज

आवाज किती आहे हे मीटर सांगतो. तो किती मोठा वाटतो, हे मात्र माणसालाच विचारावं लागतं. माझी पीएचडी या दुसऱ्या प्रश्नावर आहे. विभागात चाचणीला येणारे सगळे विद्यार्थीच. मला वयस्क माणसं हवी होती, म्हणून उचगावला मावशीच्या माडीवर स्पीकर मांडले. शेजारच्या बायका तिनेच गोळा केल्या.

काम सोपं होतं. आधी एक आवाज वाजायचा, मग दुसरा. बटण फिरवून दुसरा पहिल्याइतकाच मोठा करायचा. मी मागच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. या बायकांसमोर माझं मराठी पाठ केल्यासारखं येतं. त्यामुळे सूचनाही मावशीच द्यायची.

आकडे पाहून मी हरखले. प्रत्येकीने दुसरा आवाज कमीच ठेवला होता. विद्यार्थ्यांचं तसं नव्हतं. म्हणजे या वयात तो आवाज आहे त्याहून मोठा वाटत असणार! मी गाईडना आलेख पाठवला. "यावर अख्खं प्रकरण उभं राहील," ते म्हणाले. त्यांच्याकडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी लिहायलाही घेतलं.

स्पीकर परत न्यायला गेले तेव्हा मावशीला हे सांगितलं. ती हसायलाच लागली.

"अगं, वाटायचं काय त्यात? तू मागं बसलीवतीस. तुझ्या कानावर कशाला आदळायचा आवाज? म्हणून जरा कमीच ठेवला की."

"सगळ्यांनी?"

"व्हय. मीच सांगितलं त्यास्नी. पोरगी बारीक आवाजाची हाय, जरा दमानं घ्या म्हटलं."

उचललेला स्पीकर मी परत खाली ठेवला. म्हणाले, "परत करावं लागेल. आणि या वेळी मी बाहेर बसणार."

बायका परत आल्या. सूचना मीच दिल्या.

"मोठ्यानं बोल की! पावण्यागत काय बोलतीस?" एक आजी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग दार ओढून जिन्यात जाऊन बसले. एकेक जण आत जात होती. बंद दारातून मला तो आवाज लहान की मोठा, काहीच कळत नव्हतं.

संध्याकाळी नवा आलेख काढला. बायकांचे ठिपके विद्यार्थ्यांच्या ठिपक्यांत मिसळून गेले होते. वेगळं काहीही नव्हतं.

"आता बरं आलं का?" मावशीनं विचारलं.

"बरोबर आलं."

"मग तोंड का उतरलंय? माझ्यामुळं इस्कटलं व्हय?"

"नाही गं. भूक लागलीय."

ती पोहे टाकायला खाली गेली. मी गाईडना मेल लिहायला घेतला. कारण लांबलचक लिहिलं, मग खोडलं. शेवटी दोनच वाक्यं पाठवली: आधीचे आकडे धरू नका. तेव्हा मी खोलीत होते.