आमची शाळा, उमाटे सरांची शाळा

शिक्षकांचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला की कोणीतरी एक सांगतं, पोळी संपेपर्यंत दुसरा निघतो आणि घंटा झाली तरी तिसरा अर्धाच राहतो. आमच्या केंद्रात तर त्यांना तोटा नाही. केंद्र म्हणजे वर्धा शहराच्या कडेच्या जिल्हा परिषद शाळांचा एक गट. त्यात आमची शाळा नाल्याच्या अलीकडं, उमाटे सरांची पलीकडं, कॉलनीत. मधे एक पूल. दोन्हीकडं पुस्तकं तीच, खिचडी तीच, गणवेशाचं कापडही तेच. तरी वर्षभर वाद एकच, कोणती शाळा चांगली.

वाद गमतीचा नाही. पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरला की शाळा बाजूच्या शाळेत मिसळतात, आणि जास्तीचा शिक्षक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून आमच्या मुख्याध्यापिका इंगोले बाई आणि पलीकडचे मुख्याध्यापक उमाटे सर समोरासमोर आले की आधी हसतात आणि मग एकमेकांचा पट विचारतात.

*

उमाटे सरांना फोटोंचा नाद. एकदा शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या महिन्याच्या बैठकीत, त्यांनी पडद्यावर ‘माझी उपक्रमशील शाळा’ दाखवली. वृक्षारोपण, सर खड्ड्याजवळ. वाचनदिन, सर पुस्तक घेऊन. बालसभा, सर माईकपाशी. योगासनांतही सरच, पोट जरा आत घेतलेलं.

केंद्रप्रमुख देवतळे साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, “सर, यात पोरं कुठं आहेत?”

सर जराही गडबडले नाहीत. “सायेब, फोटो पोरंच काढून राह्यले ना.”

साहेबांनी ‘विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष सहभाग’ या सदरात पूर्ण गुण दिले.

*

आमच्या बाईही काही मागं नव्हत्या. त्यांनी हात धुवायला टाइल्स लावून नळांची रांगच बांधून घेतली. वर भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या रंगवल्या. नळाला पाणी मात्र क्वचित. तपासणी समिती यायची होती तेव्हा टँकर बोलावून टाकी भरली आणि पहिलीच्या वर्गाकडून आठवडाभर उत्तर घोकून घेतलं, ‘जेवणाआधी आणि शौचानंतर’.

समितीतल्या मॅडमनी एका पोराला जवळ घेतलं. “बाळा, तुम्ही हात केव्हा धुता?”

पोरगं वाहत्या नळाकडं पाहत राहिलं. मग म्हणालं, “सायेब आल्यावर.”

“लाजतो तो,” बाई म्हणाल्या.

समिती फाटकाबाहेर गेली आणि बाईंनी नळाच्या तोट्या काढून कपाटात ठेवल्या. चोरीला जातात म्हणून.

*

उन्हाळ्यात आम्ही शिक्षक डोक्याला दुपट्टा बांधून घरोघर पोरं मागत फिरतो. एका वर्षी देवतळे साहेबांनी हुकूम काढला, दोन्ही शाळांनी मिळून फिरायचं. मी उमाटे सरांसोबत होते. एका घरी कचेरीत नोकरीला असलेले गृहस्थ भेटले. त्यांची धाकटी पहिलीत जायची होती, मोठा मुलगा कान्व्हेंटमध्ये होता.

सर रंगात आले. “कान्व्हेंटात काय हाये भाऊ? नुसता टाय. आमच्याकडं संस्कार हायेत, अनुभवी शिक्षक हायेत. मी तं म्हणतो, ज्याले खरं शिक्षण समजते तो पोराले जिल्हा परिषदेतच टाकते.”

मोठा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. “सर, रिया तुमचीच ना? ते माह्याच बसमध्ये राह्यते. पुढच्या सीटवर.”

गृहस्थांनी पाणी पुढं केलं. सरांनी आपला ग्लास प्यायला, मग माझाही प्यायला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “तिची मम्मी ऐकत नाई न मॅडम.”

पुढच्या घरी सरांनी तेच भाषण केलं. फक्त सुरू करण्याआधी दारातल्या पोराला विचारून घेतलं, “तू बसनं जातं का रे?”

*

त्याच फेरीत कळलं की देवळीकडचं एक कुटुंब पुलाजवळ भाड्यानं राहायला आलं आहे आणि घरात पहिलीच्या वयाची मुलगी आहे. बातमी दोन्ही शाळांना एकदमच लागली. मी बाईंसोबत पोचले तर उमाटे सर खाटेवर बसलेलेच. बाई खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मधे मुलीचे आजोबा.

“आमच्याकडं दप्तर फ्री,” बाई म्हणाल्या.

“आमच्याकडं दप्तर अन् पाण्याची बाटली,” सर म्हणाले.

“आमच्याकडं घरून न्यायले ऑटो येईन.”

“ऑटो कायले? आमची शाळा तं इथून दिसते.”

आजोबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “दोन्ही शाळा कोनाच्या जी?”

“जिल्हा परिषदेच्या,” दोघं एका सुरात म्हणाले.

“मंग तुम्ही भांडून काऊन राह्यले?”

आजोबांनाच दोघांची दया आली असावी. “बरं, असं करू. एक दिवस इकडं पाठवतो, एक दिवस तिकडं.”

‘ही चेष्टा झाली’ म्हणत उमाटे सर उठून उभे राहिले. आमच्या बाई मात्र खाली वाकून हळूच म्हणाल्या, “आजोबा, पट मोजायच्या दिवशी आमच्याकडं पाठवजा.”

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण आठवतो. नव्या लेआउटमधल्या, म्हणजे नव्या वसाहतीतल्या, एक बाई मुलासाठी शाळा बघत हिंडत होत्या. बँकेत नोकरी, बोलणं मोजकं. पलीकडची शाळा बघून आमच्याकडं आल्या. मी सगळी शाळा दाखवली.

“तिकडच्या आणि तुमच्या शाळेत फरक काय?” त्यांनी विचारलं.

“तिकडं पंखे जास्त आहेत, इकडं झाडं.”

“आणि शिकवतं कोण चांगलं?”

इतक्या तपासण्या झाल्या, रंग बघितला, संडास बघितले, कुंपण बघितलं, भिंतीवरचे सुविचारही वाचून झाले. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“ते अजून कोणी तपासलं नाही,” मी म्हणाले.

त्यांनी आभार मानले आणि मुलाला कान्व्हेंटमध्ये घातलं.

*

मागच्या वर्षी स्पर्धा निघाली, केंद्रातली उत्कृष्ट शाळा. सकाळी देवतळे साहेब समिती घेऊन उमाटे सरांकडं जाणार होते आणि दुपारी आमच्याकडं. गुण दोनच गोष्टींना जास्त होते, परिसर आणि वाचन. सरांकडं फुलझाडांच्या कुंड्या होत्या, पण वाचणारं पोर नव्हतं. आमच्याकडं आवार उघडंबोडकं होतं, पण तिसरीत आचल होती. धडा असा वाचायची की वर्ग पेन्सिली खाली ठेवून ऐकायचा.

त्या सकाळी माझ्या वर्गात आचलची जागा रिकामी होती. मी धावत बाईंकडं गेले. “आजच नेमकी आचल नाही आली.”

“येईन,” बाई म्हणाल्या. “कुंड्यांसंगंच येईन.”

मला काही समजलं नाही. दुपारी फाटकाशी मालाचा ऑटो थांबला तेव्हा समजलं. मागं कुंड्या दाटीवाटीनं लावल्या होत्या आणि त्यांच्यामधे, मांडीवर जास्वंदीची कुंडी सांभाळत, आचल बसली होती. बाई आणि सर पहिल्यांदाच काही न भांडता एका गोष्टीवर राजी झाले होते, सकाळी आचल तिकडं, दुपारी कुंड्या इकडं. मी तिला उतरवून घेतलं, फ्रॉकवरची माती झटकली आणि वर्गात बसवलं. पोरांनी कुंड्या आवारात मांडल्या, तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

समितीनं कुंड्या बघितल्या. “छान ठेवलं आहे,” समितीतल्या मॅडम म्हणाल्या. मग सगळे माझ्या वर्गात आले. बाईंनी आचलला उभं केलं.

देवतळे साहेब तिच्याकडं बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बाळा, सकाळी तू पलीकडच्या शाळेत होती ना?”

बाईंचा चेहरा उतरला. माझ्या हातातला खडू तुटला.

“हो,” आचल म्हणाली. “तुम्हीबी होते ना जी.”

समितीतल्या मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. साहेबांनी आधी बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग हातातल्या कागदाकडं.

“बरं,” ते म्हणाले. “वाच.”

आचलनं पुस्तक उघडलं. “तोच धडा वाचू का दुसरा?”

साहेब खुर्चीत नीट सावरून बसले.

“तोच वाच.”